उचल नेमकी कोण घेतंय?

जुळे सोलापुरात भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

"मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, मी एका खासगी लॅबमध्ये काम करते. मुलगी यंदा दहावीला आहे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, भाडं ८,०००, डिपॉझिट ३०,०००. घरमालक काका-काकू खाली राहतात. चार वर्षांत एकदाही तोंडातोंडी झालेली नाही. १ जुलैपासून नवा करार करायचा आहे. परवा काका म्हणाले, 'अकरा महिन्यांचं भाडं एकदम देऊन टाका की, दहाचेच घेतो.' म्हणजे ८८,००० च्या जागी ८०,०००. त्यांना गच्चीवर अजून एक मजला चढवायचा आहे, स्लॅबला पैसे कमी पडताहेत. आमच्याकडे भिशीचे ६०,००० आणि एफडीत ४५,००० आहेत. मिस्टर म्हणतात, बँक सात टक्के देते, इथे दहा मिळतायत, पैसे नुसते पडून आहेत, देऊन टाकू. माझा भाऊ म्हणतो, तीन टक्क्यांसाठी कशाला अडकता? काका माणूस सोन्यासारखा आहे. नाही म्हटलं तर वाईट वाटेल, उद्या घर सोडा म्हणतील, ही धास्ती. हो म्हटलं तर हात रिकामा. काय करू?"

ताई, आधी हिशोबाचं बघू, कारण तुमचे मिस्टर आणि तुमचा भाऊ, दोघांचंही गणित चुकलंय. आणि गंमत म्हणजे दोघांचंही एकाच जागी चुकलंय.

दहा टक्के हा आकडा कुठून आला? ८०,००० दिले, ८,००० वाचले, म्हणून दहा टक्के. पण तुम्ही ८०,००० रुपये वर्षभर अडकवत नाही. पहिल्या महिन्याचे ८,००० तर तुम्ही असेही १ जुलैला देणारच होता. खरे आगाऊ जातात ते ७२,०००. आणि तेही वर्षभर तिथे राहत नाहीत, दर महिन्याला एकेका भाड्यात वळते होत जातात. आता हेच ७२,००० बँकेत सात टक्क्यांनी ठेवलेत आणि दर महिन्याला त्यातून ८,००० काढून भाडं भरलंत असं धरा. पहिल्या महिन्यात ७२,००० वर व्याज, मग ६४,००० वर, मग ५६,००० वर, असं उतरत उतरत शेवटी ८,००० वर. सगळं मिळून व्याज येतं साधारण २,१०० रुपये. काका त्याच पैशांवर तुम्हाला ८,००० देतायत.

म्हणजे फरक तीन टक्क्यांचा नाही, जवळपास चौपटीचा आहे. नीट मांडून पाहिलं तर ही सूट महिन्याला शेकडा दोन रुपयांच्या घरात जाते, वर्षाचे साडेतेवीस टक्के. आपल्याकडे ज्याला 'दोन टक्क्याने पैसे घेतले' म्हणतात ना, तो भाव. मी पंचवीस वर्षं एका सहकारी बँकेच्या काउंटरमागे काढली. 'दोन टक्क्याने' हे शब्द कानावर आले की समोरच्याची नड किती आहे हे न विचारता कळायचं.

तेव्हा तुमच्या मिस्टरांना सांगा, फायदा तुम्ही समजता त्याच्या दुपटीहून मोठा आहे. आणि इथेच मला चुटपुट लागते. सोनं तारण ठेवून बँकेत याच्या निम्म्या व्याजात पैसे मिळतात. मग काका दोन टक्क्यांचा भाव का मोजतायत? दोनच कारणं सुचतात. एक, त्यांनी हा हिशोब केलेलाच नाही. 'एका महिन्याचं भाडं सोडलं, त्यात काय' एवढंच त्यांच्या मनात असेल, आणि मला वाटतं, बहुधा हेच असेल. दुसरं म्हणजे स्वस्त पैशाचे रस्ते त्यांनी चाचपून पाहिले असतील आणि ते बंद झाले असतील. यातलं कोणतं खरं, हे आपण इथे बसून सांगू शकत नाही. पण तुम्ही खाली जाऊन विचारू शकता.

आपल्या जिल्ह्यात 'उचल' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दिवाळीच्या आधी मुकादम ऊसतोडीच्या जोडप्याला ('कोयत्या'ला) कामाआधीच उचल देतो, आणि मग हंगामभर तो कोयता त्याच्या शब्दाला बांधलेला असतो. काका तुमच्याकडे मागतायत ती उचलच आहे. तिला आगाऊ भाडं म्हणा, सूट म्हणा, वळण तेच. फक्त एक गोष्ट उलटी आहे. ऊसतोडीत उचल घेणारा बांधला जातो, भाड्याच्या घरात उचल देणारा. पैसे त्यांच्या हातात आणि पाय तुमचा अडकलेला.

याला तुम्ही 'भाड्याचा प्रश्न' म्हणता आहात, म्हणून तो सुटत नाहीये. भाडेकरू म्हणून विचार करू नका, पैसे उसने देणारी बाई म्हणून करा. कोणी ७२,००० उसने मागितले तर आपण काय विचारतो? कशाला हवेत, बाकीचे कुठून आणणार, परत कसे येणार आणि नाही आले तर आपलं काय होणार. हेच चार प्रश्न. माणूस चांगला की वाईट, हा त्यांत पाचवा.

काका सोन्यासारखे आहेत, हे मी मान्य करून चालते. चार वर्षं एका जिन्यावर राहून माणूस कळतो. पण काकांच्या चांगुलपणाने तुम्हाला फक्त काका फसवणार नाहीत याची हमी मिळते. काका आजारी पडणार नाहीत, घर भावाभावांत वाटणीला निघणार नाही, बँकेचा हप्ता थकणार नाही, याची हमी चांगुलपणा देत नाही. बहुतेक वेळा आगाऊ दिलेले पैसे लबाड माणसाकडे बुडत नाहीत, ते भल्या माणसाच्या अडचणीत रुततात.

माझंच सांगते. लग्नानंतर आम्ही सात रस्त्याजवळ एका वाड्यात राहायचो. मालक आजोबा इतके प्रेमळ की आम्ही सहा महिन्यांचं भाडं त्यांच्या हातात ठेवलं आणि त्यांनी ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून घेतलं. तीन महिन्यांत आजोबा गेले. मुलगा पुण्याहून आला. तोही सज्जनच. कॅलेंडर उतरवून त्याने पान बघितलं. आकडा होता, महिना नव्हता. आम्ही म्हणायचो गुढीपाडव्यापासून, तो म्हणायचा होळीच्या आधीपासून. एका महिन्याच्या भाड्यासाठी दोन सरळ माणसं जिन्यात उभी राहून एकमेकांच्या नजरा चुकवत होती. शेवटी आम्ही पैसे सोडले. ते पेन्सिलीचं पान मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. काकांना गच्चीवर मजला चढवायचा आहे. तुम्ही पहिल्या मजल्यावर राहता. म्हणजे ताई, ज्या कामासाठी तुमचे पैसे जाणार, ते काम तुमच्याच डोक्यावर चालणार आहे! पत्रात याबद्दल एक शब्द नाही.

पावसाळ्यात सहसा कोणी स्लॅबला हात घालत नाही, म्हणजे काम बहुधा दिवाळीनंतर निघणार. सेंट्रिंगच्या फळ्या, खिळ्यांची ठाकठोक, सकाळी आठला सुरू होणारा मिक्सर, जिन्यातून चढणारी वाळूची घमेली. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत हे रंगात आलेलं असेल, आणि तुमच्या मुलीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. शिवाय पाणी. स्लॅब टाकला की आठ-पंधरा दिवस वर सिमेंटची आळी करून पाणी साचवून ठेवावं लागतं. नळाची वाट पाहणाऱ्या आपल्या शहरात ते पाणी कुठून येणार? टँकरने की तुमच्याच टाकीतून? आणि गच्चीवरची टाकी काम चालू असताना कुठे बसवणार?

दर महिन्याला भाडं द्यायला तुम्ही खाली जाता, तेव्हा सहज बोलता येतं: 'काका, न्हाणीघराचा नळ गळतोय बघा.' भाडं हातात असतं, त्यामुळे सांगायला जड जात नाही आणि त्यांनाही ऐकायला. मे महिन्यापर्यंतचे पैसे देऊन मोकळं झाल्यावर धुळीची, आवाजाची, पाण्याची तक्रार करायची तर निव्वळ भिडेवर करायची. आणि सहन होईना म्हणून जानेवारीत घर बदलायचं म्हटलं, तर चार महिन्यांहून जास्त भाडं काकांकडून परत मागावं लागेल. ते पैसे तोवर सिमेंट-सळईत गेलेले असतील. देतील, नाही असं नाही. पण कधी?

अजून एक. ऐंशी हजारांत मजला चढत नाही. उरलेले कुठून येणार? बँकेचं कर्ज काढलं असेल तर घर तारण असणार. आपल्या कोणत्याही नव्या वस्तीत चक्कर मारा, चार घरांमागे एका गच्चीवर गंजलेल्या सळ्या आकाशाकडे बघत उभ्या दिसतात. एके काळी तिथेही कोणाचा तरी 'फक्त स्लॅब राहिलाय' होता.

आता 'पैसे नुसते पडून आहेत' हे वाक्य. ताई, हे मला मुळीच पटत नाही. एफडी मोडायला येणारी माणसं मी पाहिली आहेत. पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत चौघडी करून ठेवलेली असते, काउंटरवर ती उलगडताना हात जरा थांबतो. कोणाची जूनची फी, कोणाचा दवाखाना, कोणाच्या कारखान्यात ऑर्डर कमी म्हणून पाळी बंद. व्याजातला अर्धा-एक टक्का कापला जातो, पण दुपारपर्यंत पैसे हातात पडतात. ते पडून राहिलेले होते म्हणूनच पडले. तुमच्या मिस्टरांच्या धंद्यात परदेशी मागणी हलली की इथे पाळ्या हलतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

भाडं सोडून तुमचा महिन्याचा खर्च २२,००० धरते. कमी-जास्त असेल तर आकडा बदलून घ्या. ८०,००० दिल्यावर तुमच्याकडे उरतात २५,०००, म्हणजे सव्वा महिन्याचाही खर्च नाही. आणि त्या दिवशी डिपॉझिट धरून काकांकडे तुमचे १,१०,००० असतील. घरातल्या कपाटापेक्षा चौपट पैसे खालच्या मजल्यावर. हे प्रमाण मला उलटं वाटतं.

म्हणून अकरा महिन्यांचं एकदम देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पण साफ नाहीही म्हणू नका. चौपट फायदा झिडकारून टाकण्याइतका हा व्यवहार वाईट नाही, फक्त तो तुमच्या अंगापेक्षा मोठा आहे. तो कापून बेताचा करता येईल.

सहा महिन्यांचं आगाऊ द्या, जुलै ते डिसेंबर. सूट किती मागायची? निम्मे महिने म्हणजे निम्मी सूट, ४,०००, असं पटकन वाटतं, पण तसं नाही. कमी पैसे कमी काळ अडकतात, म्हणून आधीच्याच भावाने सूट येते दोन-सव्वादोन हजार. त्याहून जास्त मागणं काकांवर अन्याय होईल, आणि शेजाराचा व्यवहार आहे, तो दोन्हीकडून सरळ असावा. म्हणजे ४८,००० ऐवजी ४६,०००. हे भिशीतून जातात, एफडीला हात लागत नाही, आणि तुमच्याकडे ५९,००० राहतात, अडीच महिन्यांहून जास्त खर्चाचे. डिसेंबरअखेर तुम्ही मोकळ्या. काम कसं चाललंय, मुलीचा अभ्यास होतोय का, पाणी मिळतंय का, हे सगळं डोळ्यांनी पाहून पुढच्या पाच महिन्यांचं ठरवा.

काकांना याहून जास्त हवेच असतील, तर एक मुद्दा त्यांच्यासमोर ठेवा. डिपॉझिट कशासाठी असतं? भाडं थकलं तर हाताशी असावं म्हणून. भाडंच आगाऊ आलंय तर ३०,००० कशाला अडवायचे? त्यातले १५,००० आगाऊ भाड्यात वळते करून घ्या, बाकीचे मोडतोड आणि वीजबिलासाठी राहू देत. काकांना हे आवडणार नाही, कारण त्यांना रोख हवी आहे. पण निदान हा व्यवहार कोणाच्या बाजूला किती झुकलाय, हे दोघांनाही दिसेल.

आणि पैसे दिलेत की त्याच आठवड्यात एक काम करा. आठ हजारांची आरडी, म्हणजे दर महिन्याला भरायची ठेव, उघडा. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत भाडं द्यायचं नाही, म्हणजे ते पैसे महिन्याच्या एक तारखेला तुमच्या हातात खुळखुळणार. ते बाजूला पडले नाहीत तर दिवाळीत विरघळतील, काय घेतलं ते आठवणारही नाही. आगाऊ भाडं भरणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच गडगडतात. सूट पदरात पडते, पण करार संपताना गाठीला काही नसतं, आणि पुढच्या वर्षी ना सूट ना शिल्लक.

कागदाचं. इकडे पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून भागवायची पद्धत आहे. चालतंय की, असं सगळेच म्हणतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तसा करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोंदणी काकांच्याही फायद्याची आहे, हे त्यांना गोडीत सांगता येईल. खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं व्याज मिळून पाव टक्का, तुमच्या बाबतीत काहीशे रुपये. नोंदणी फी शहरात १,००० रुपये, वर करून देणाऱ्याची मजुरी. अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो, कचेरीत हेलपाटे नाहीत.

त्या करारात छापील मजकुराशिवाय चार गोष्टी लिहून घ्या. आगाऊ किती रक्कम दिली, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतची, दर महिन्याला किती वळती होणार (माझं कॅलेंडरचं पान आठवा). मध्येच घर सोडलं, किंवा सोडायला लागलं, तर न वापरलेल्या महिन्यांचे पैसे किती दिवसांत परत. घर विकलं किंवा वारसांकडे गेलं तर ही अट त्यांच्यावरही बंधनकारक. आणि लॉक-इन, म्हणजे 'अमुक महिने घर सोडता येणार नाही' असं कलम घातलंय का, ते वाचून बघा. एजंटांच्या तयार नमुन्यात ते गुपचूप बसलेलं असतं. पैसे खात्यावरूनच द्या, रोख नको. काकांनी 'रोख दिलेत तर अजून पाचशे सोडतो' म्हटलं तरी नको.

करार करताना घरपट्टीची पावती एकदा मागून घ्या. ती काकांच्याच नावावर आहे ना? अजून त्यांच्या वडिलांच्या नावावर असेल आणि काकांना भाऊ-बहिणी असतील, तर आगाऊ देण्याची मर्यादा सहावरून तीन महिन्यांवर आणा. मागायला संकोच वाटत असेल तर करार करणाऱ्या माणसाच्या तोंडून मागवा, तो मालकीचा पुरावा तसाही बहुधा मागतोच.

आता तुमची खरी धास्ती. 'नाही म्हटलं तर घर सोडा म्हणतील.' थोडं काकांच्या जागी बसून बघा. ज्या माणसाला आत्ता पैशांची नड आहे, तो चार वर्षं वेळेवर भाडं देणारं कुटुंब काढून घर रिकामं ठेवेल? नवा भाडेकरू म्हणजे रंगरंगोटी, एजंटाचं कमिशन, एखाद-दुसरा महिना कुलूप, आणि वर बांधकाम चालू असताना घर बघायला येणारा माणूस डोकं वर करून बघणार आणि निघून जाणार. या घडीला तुमची गरज त्यांना जास्त आहे. तुमच्या मुलीचं दहावीचं वर्ष आहे म्हणून तुम्हाला घर सोडायचं नाही, तेवढंच त्यांनाही तुम्हाला सोडायचं नाही. ही भीती निम्मी तरी काढून टाका.

बोलायला तुम्ही दोघं मिळून जा, आणि संध्याकाळी काकू घरात असताना. पैशांचं बोलणं घरच्या बाईसमोर झालं की ते जास्त लक्षात राहतं, असा माझा अनुभव आहे. सुरुवात नकाराने करू नका. 'काका, तुमच्या कामाला हातभार लागावा असं आम्हालाही वाटतं. पण हिचं दहावीचं वर्ष आहे, सगळेच पैसे मोकळे करता येत नाहीत. डिसेंबरपर्यंतचं एकदम देतो, दोन हजार सोडा. जानेवारीत पुन्हा बसू.' एवढंच. एफडी किती, भिशी किती, हे सांगायची गरज नाही. आधी सांगितलं असेल तर पुन्हा उगाळू नका. त्यावर काका 'मग राहू द्या' म्हणाले, तर राहू द्या. दर महिन्याला ८,००० देण्यात कमीपणा काहीच नाही.

बाकीच्यांसाठी दोन शब्द, कारण अशीच पत्रं आणखी आली आहेत. मुलाला कॉलेजसाठी इथे ठेवणारे बार्शी-पंढरपूरकडचे पालक वर्षाचं एकदम भरायला तयार असतात. मुलगा त्या खोलीत तीन महिने टिकेपर्यंत नको. मेस आवडली नाही, जोडीदार पटला नाही की खोली बदलतेच. मालकाला रोख नको, भाडं वेळेवर येण्याची खात्री हवी असेल, तर खात्यावरून दर एक तारखेला आपोआप पैसे जातील अशी सूचना बँकेला द्या आणि त्या खात्रीच्या बदल्यात वर्षाची भाडेवाढ माफ करून घ्या, तीही सूटच आहे. जुन्या पद्धतीने कर भरणारे आणि घरभाडे भत्त्याची सवलत घेणारे असतील, त्यांनी एकरकमी दिलं तरी पावत्या महिन्यावार घ्याव्यात, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल तर मालकाचा पॅन आधीच मागून ठेवावा. मार्चमध्ये मागितला की मालक गावाला गेलेला असतो.

ताई, कराराला अजून वेळ आहे. या रविवारी खाली जाल तेव्हा पैशांच्या आधी बांधकामाचं विचारा. महापालिकेची परवानगी निघाली का, काम कोणत्या महिन्यात काढणार, उरलेल्या पैशांचं काय ठरलंय. आणि परीक्षेच्या आधी सेंट्रिंग उतरेल का. टाकी कुठे हलवणार, तेही विचाराच.